बसलिंगअप्पाची हवा

सर्व संबंधितांना, आणि ज्यांचा काडीचाही संबंध नाही त्यांना तर आवर्जून, कळवण्यात येते की लातूर हा नवा जिल्हा झाल्यानंतरच्या कारभारातली एक अत्यंत गंभीर बाब आजवर दडवून ठेवण्यात आली आहे. जीपच्या चाकात हवा पायाने भरावी, इंजिनाने भरावी की बॅटरीने भरावी, हा प्रश्न सोडवताना आमच्या ऑफिसाने एका साहेबाचा दात, खिडकीची एक काच, पाण्याने भरलेला माठ आणि एका पैलवानाची अब्रू एवढं खर्ची घातलं. याची चौकशी कधीच झाली नाही. ती आज मी करतो आहे. साक्षीदारही मीच, कारण बाकीचे सगळे हाणामारीत होते आणि मी नेहमीप्रमाणे कशाच्या तरी आड होतो.

या सगळ्याच्या मध्यभागी होता आमचा ड्रायव्हर, बसलिंगअप्पा.

अप्पा उदगीरच्या बाजूचा. घरी कानडी, बाहेर मराठी आणि भांडताना दोन्ही. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, खाकी शर्टाच्या आत गळ्यात चांदीच्या डबीतलं इष्टलिंग. ते अंगावेगळं म्हणून कधी करायचा नाही. मांस-मच्छी तर सोडाच, जीप उभी केली की आधी मुंग्यांचं बीळ शोधून तिथे चिमूटभर साखर टाकायचा आणि मग स्वतःची भाकरी सोडायचा. अंगावर बसलेला डास फुंकर मारून उडवायचा. असा हा जीवदया पाळणारा माणूस दिवसातून एखादा तरी माणूस बडवल्याशिवाय झोपत नसे.

"मी मारत न्हाई, बाबू," तो मला सांगायचा. "मी समजावतो. काही लोकांला कानानं समजतं, काहींला गालानं."

ऑफिसात राहून त्याने आपल्या मारण्यालाही सरकारी शिस्त लावली होती. छातीवर दिलेला धक्का म्हणजे सूचना. कानाखाली दिलेली म्हणजे स्मरणपत्र. आणि सीटखालची जॅकची दांडी बाहेर आली की थेट कार्यवाही. मात्र यातलं काहीही करण्याआधी तो एक गोष्ट न चुकता करायचा. उजवा हात गळ्यात घालून ती चांदीची डबी शर्टाच्या आतून फिरवून पाठीवर घ्यायचा. आपण आता जे करणार आहोत ते देवाने समोरून बघू नये, एवढीच त्यामागची भावना. काम उरकलं की डबी पुन्हा छातीवर. त्यामुळे आमच्या ऑफिसात "अप्पाची डबी पाठीवर गेली" याचा अर्थ शिपायापासून हेडक्लार्कपर्यंत सगळ्यांना कळायचा: हातातलं काम ठेवा आणि टेबलाखाली जा.

मुदखेडच्या रेल्वे फाटकात मी ते पहिल्यांदा पाहिलं. आम्ही नांदेडहून येत होतो. फाटक बंद, आणि मागचा ट्रकवाला भोंगा वाजवून राहिलेला. जणू आमची जीप बाजूला झाली की मालगाडी त्याला वाट देणार होती. अप्पाने आरशात पाहिलं. हात गळ्याकडे गेला. खाली उतरून तो शांतपणे मागे चालत गेला, ट्रकच्या दाराला लोंबकळून त्याने भोंग्याचा रबरी गोळा मुळासकट उपटला आणि ट्रकवाल्याच्या मांडीवर ठेवला. "घरी न्या. लेकरांला खेळायला होईल," म्हणाला. ट्रकवाल्याने त्याची कॉलर धरली. पुढचं मला नीट दिसलं नाही, पण फाटक उघडलं तेव्हा ट्रकवाला रुळांच्या पलीकडे होता, त्याची चप्पल अलीकडे होती आणि अप्पा पुन्हा स्टिअरिंगवर बसून डबी पुढे घेत होता.

जनावरालाही त्याची सूट नव्हती. किल्लारीच्या बाजारात एका बैलाने शिंगाने आमच्या जीपचा दिवा फोडला. अप्पाने डबी मागे घेतली आणि बैलाच्या तोंडात अशी भडकावली की मागचा शेंगदाणेवाला आपलाच गाल धरून बसला. बैल पापण्या मिचकावत तसाच उभा. आणि एकाएकी अप्पाचा चेहरा उतरला. त्याच्या लक्षात आलं की आपण नंदीवर हात टाकला. भर बाजारात त्याने बैलाच्या चारी खुरांना हात लावून नमस्कार केला, गळ्याला मिठी मारली आणि दिवसभर पाणीसुद्धा प्यायला नाही. परतताना मला म्हणाला, "बाबू, ते बी गाडीच हाय की. महादेवाची. एका गाडीवाल्यानं दुसऱ्याच्या गाडीला हात लावू नाई." बैलाच्या मालकाला मात्र त्याने मारहाणीतून वगळलं नव्हतं, त्याचा डोळा आठवडाभर सुजलेला होता असं नंतर कळलं.

पण या माणसाची खरी दौलत म्हणजे त्याची इज्जत, आणि ती सगळी जीपच्या चार चाकांत भरलेली होती.

हे समजायला नव्या जिल्ह्याच्या वेळची गोष्ट सांगायला हवी. लातूर जिल्हा झाला तेव्हा लातुरात पेढे वाटले गेले आणि ज्या ज्या गावांना आपणच जिल्हा होणार अशी खात्री होती तिथे टायर पेटले. अशाच एका गावी आमच्या ऑफिसच्या जीपा कामाला गेल्या होत्या. गावाचं नाव मी सांगणार नाही, तिथे माझी सासुरवाडी आहे. आमच्याकडे सरकारवर राग काढायची एक रीत आहे. साहेबाला कुणी हात लावत नाही. साहेबाच्या गाडीची हवा सोडतात. चारी चाकं बसलेली जीप चौकात दिसली की समजायचं, इथे सरकार हरलं. त्या दिवशी पोरांनी ओळीने सगळ्या जीपांची हवा सोडली. राहिली एकच. तिच्याभोवती बसलिंगअप्पा जॅकची दांडी घेऊन गोल गोल फिरत होता, आणि डबी सकाळपासून पाठीवर होती.

दगड आले. भुवई फुटली. एका डोळ्यात रक्त उतरल्यावर तो दुसऱ्या डोळ्याने मारत राहिला. दिगंबर नावाचा एक हट्टी गडी जीपखालून सरपटत मागच्या चाकापर्यंत पोचला आणि त्याने काडी व्हॉल्व्हला लावलीही होती. अप्पाने त्याला पाय धरून बाहेर ओढला आणि दांडी घातली. गळ्याजवळचं हाड मोडल्याचा आवाज पलीकडच्या पानपट्टीपर्यंत ऐकू गेला म्हणतात. संध्याकाळी बाकीच्या जीपा बसलेल्या म्हशींसारख्या चौकात पडून होत्या आणि अप्पाची जीप चार चाकांवर ताठ उभी होती. तेव्हापासून तो रोज सकाळी प्रत्येक चाकाला टाच मारून बघायचा आणि टण्ण आवाज आला की आकाशाकडे बघून हसायचा. त्याचं एक वाक्य अख्ख्या जिल्ह्यात ठाऊक होतं: "बसलिंगअप्पाच्या चाकाची हवा कुणी सोडली न्हाई आन् कुणी सोडणार न्हाई."

मग दुष्काळ पडला, आणि त्याच्यासोबत आले गायकवाड साहेब.

साहेब नांदेडचे. वडील मजुरी करत, आईने पोराला शिकवलं आणि पोरगं अधिकारी झालं. बारीक अंगाचे, मृदू बोलणारे, खिशात पंचशीलाची छोटी पुस्तिका बाळगणारे. आवाज चढवलेला कुणी ऐकला नव्हता. टंचाईचं काम त्यांच्याकडे होतं आणि मांजरेच्या कोरड्या पात्रापलीकडे नजर जाईल तिथवर ते त्यांनी अंगावर घेतलं होतं. नदीत पाणी नव्हतं, पण पात्राच्या मध्यावर वाळू उपसली की खाली झिरा लागायचा. जीपला ट्रॉली जोडायची, वाळूतून झिऱ्यापर्यंत जायचं, पिंपं भरायची आणि माळावरच्या एका वाडीला पोचवायची, असं ठरलं. टँकर वाळूत शिरत नव्हता. बाकीच्या ड्रायव्हरांनी नकार दिला होता. अप्पाला कुणी विचारलंच नाही, कारण नकार देणं त्याला भ्याडपणाचं वाटायचं.

पहिल्याच दिवशी जीप वाळूत ॲक्सलपर्यंत रुतली. अप्पाने दात खाऊन ॲक्सिलेटर दाबला, ती आणखी खोल गेली. गायकवाड साहेब खाली उतरले, चाकाजवळ बसले आणि म्हणाले की चारी चाकांतली निम्मी हवा काढू. टायर पसरतो, रुंद होतो, वाळूत खाली जात नाही, वरून चालतो. उंटाचा पाय असतो तसा. सांगता सांगता त्यांनी काडी उचलून व्हॉल्व्हला लावलीसुद्धा. फुस्स असा आवाज झाला.

तो आवाज अप्पाने ऐकला. डबी पाठीवर घ्यायलाही तो थांबला नाही. आयुष्यात त्या एकाच वेळी देवाला समोरून बघावं लागलं. साहेब वाळूत तीन पलट्या खाऊन पडले आणि मी ट्रॉलीखाली होतो.

साहेब उठून बसले. तोंडातून काहीतरी काढून त्यांनी तळहातावर ठेवलं आणि बघितलं. बाजूचा दात होता. रुमालाने तोंड पुसून ते पुन्हा चाकाजवळ गेले आणि हवा सोडत बसले. एकेक करून चारी चाकांची. अप्पा दगडासारखा उभा. काम झाल्यावर साहेबांनी त्याला फक्त बसायची खूण केली. अप्पा बसला, गिअर टाकला, आणि मघाशी गाडलेली जीप लोण्यातून सुरी निघावी तशी वाळूतून बाहेर आली.

ऑफिसात परत आल्यावर साहेबांनी अप्पाला समोर उभं केलं. मी फाइल शोधण्याचा बहाणा करून तिथेच रेंगाळलो. अप्पाने मान खाली घातली होती आणि निलंबनाची वाट पाहत होता.

"दात किडकाच होता, अप्पा," साहेब म्हणाले. "त्याचं जाऊ द्या. पण आजपासून या ऑफिसात एक नियम. जो हात उचलेल त्याने जीपची चावी द्यायची. मग तो कुणीही असो. तुम्ही पुन्हा कुणावर हात उचललात की चावी द्याल, आणि नोकरी संपेपर्यंत भांडारात खिळे मोजाल. कबूल?"

अप्पाने शर्टावरून डबीला हात लावला. "कबूल," म्हणाला. त्या एका शब्दाला त्याला इतकी ताकद लागली की बाहेर येऊन तो पायरीवर बसला. जीपशिवाय अप्पा म्हणजे काय, याची कल्पना आम्हा कुणालाच करता येत नव्हती. त्यालाही नसावी. घरी बायको होती, ती म्हणायची की माझी सवत चार चाकांची आहे, निदान स्वयंपाकघरात येत नाही.

आता खरा प्रश्न उभा राहिला. वाळूत हवा सोडली हे ठीक, पण वाळू संपल्यावर पुढे वाडीपर्यंत धारदार मुरमाचा रस्ता. भरलेल्या ट्रॉलीसकट मऊ टायरवर गेलो तर रिम टायर कापून टाकणार. म्हणजे काठाला आल्याबरोबर पुन्हा हवा भरायला हवी, तीही रोज. जवळचं हवेचं दुकान चार गावं सोडून. तेव्हा साहेबांनी ठरवलं की माणसाला उचलून नेता येईल असं काहीतरी यंत्र घ्यायचं, आणि कागदावर न बघता आवारात वापरून बघूनच घ्यायचं.

अप्पाची अट वेगळीच होती. यंत्र किती लवकर भरतं, किती टिकतं, याच्याशी त्याला देणंघेणं नव्हतं. "साहेब, आवाज नको," तो काकुळतीला येऊन म्हणाला. "हवा भरून राहिलो म्हंजे आधी गेली होती, हे काय लोकांला समजत न्हाई? गुपचूप भरू द्या. जगाला दिसलं तर माझी काय इज्जत ऱ्हाईल?"

ठरल्या दिवशी स्पेअर पार्टचा दुकानवाला पोत्यात तीन यंत्रं घेऊन आला. तिशीचा, हसऱ्या तोंडाचा, पण एक खांदा दुसऱ्यापेक्षा चांगलाच खाली उतरलेला. अप्पा त्याच्याकडे बघतच राहिला.

"तोंड वळखीचं न्हाई," अप्पा म्हणाला, "पर खांदा वळखीचा वाटून राहिला."

"तुमचंच काम हाय, अप्पा," तो म्हणाला. "दिगंबर. जीपखालचा."

आवारातली माणसं आपोआप दोन पावलं मागे सरली. दिगंबर मात्र चाकाजवळ जाऊन बसला. यंत्र बघायचं तर आधी टायर रिकामा करायला हवा, असं म्हणत त्याने खिशातून काडी काढली. तेच मागचं चाक, तोच माणूस, तीच काडी. अप्पाचा हात गळ्याकडे गेला. डबी सरकत सरकत खांद्यावर आली. व्हरांड्यातून साहेब हळूच म्हणाले, "अप्पा, चावी."

अप्पाचा हात खांद्यावरच थांबला. कपाळावरची विभूती घामाने ओघळली. मग त्याने डबी इंचाइंचाने ओढून पुन्हा छातीवर आणली आणि तोंड फिरवलं.

"कर बाबा," म्हणाला. "तुझं राहिलेलं काम हाय."

हवा गेली. पहिला नंबर पायाने मारायच्या पंपाचा. हा अप्पाचा लाडका, कारण मुका. पण मघाचा सगळा राग त्याच्या टाचेत उतरलेला होता. तो पंपावर असा नाचायला लागला की यंत्राचे पाय फाकले, स्प्रिंग सुटली आणि सूं करत जाऊन हेडक्लार्कच्या खिडकीची काच फोडून त्यांच्या चहात पडली. टायर होता तसाच. दिगंबर शांतपणे म्हणाला की असा एक पंप एका टायरला पुरतो, चारांना माणूस पुरत नाही.

दुसरा पंप प्लगच्या जागी बसवायचा. इंजिनाचा एक प्लग काढायचा, तिथे नळी फिरवून बसवायची, आणि उरलेल्या तीन सिलिंडरवर इंजिन चालू ठेवलं की चौथ्याच्या जोरावर हवा भरते. हवा खरंच झपाट्याने भरली. पण अप्पाला ते बघवेना. "चालत्या बैलाचा एक पाय बांधून त्याला शंख वाजवायला लावायचा का?" तो पुटपुटला. इंजिन चांगलंच आचकत होतं. दिगंबर थांबा थांबा म्हणत असतानाच त्याने उघड्या हाताने तापलेली नळी उपटली. तळहात चरकन भाजला. त्याने तोंडातून कानडीत काहीतरी काढत दुसऱ्या हातातला पाना भिरकावला, आणि तो पाना जाऊन बसला व्हरांड्यातल्या माठावर.

त्या काळात माणसाचं डोकं फुटलं असतं तर एवढं कुणी हळहळलं नसतं. अख्ख्या ऑफिसाचं दिवसाचं पाणी पायऱ्यांवरून धुळीत उतरलं. कुठूनशी एक शेळी आली आणि तेवढं चाटून गेली. अप्पा भाजलेला हात काखेत धरून त्या ओलीकडे बघत होता. हेडक्लार्कांनी विचारलं की साहेब, आता चावी घ्यायची का. साहेबांनी बराच विचार केला. "माठ म्हणजे माणूस नव्हे," म्हणाले. दुसऱ्या दिवशी अप्पाने स्वतःच्या घरून माठ आणला, भरलेला, डोक्यावर घेऊन. त्या पाण्यापायी त्याच्या बायकोची दोन दिवसांची भांडी घासायची राहिली.

तिसरं यंत्र दिगंबरच्या मेव्हण्याने मस्कतहून आणलेलं. डब्याएवढं, लाल रंगाचं. दोन चिमटे जीपच्या बॅटरीला लावायचे, इंजिन चालू ठेवायचं, म्हणजे बॅटरी बसत नाही, आणि लांब नळी मागच्या चाकापर्यंत पोचते. दिगंबरने त्याचा दोषही लपवला नाही. हे तापतं. दोन टायर झाले की हात लावून बघायचं, हाताला सोसवेना तर बंद करून गार होऊ द्यायचं, नाहीतर जळून जाईल. त्याने बटण दाबलं आणि समोरच्या लिंबावरचे सगळे कावळे उडाले. असं काही ते केकाटलं की दोन गल्ल्या पलीकडून लोक काय झालं म्हणून बघायला आले.

"ही तर दवंडी हाय," अप्पा पांढरा पडून म्हणाला. "बसलिंगअप्पाची हवा गेली हो, असं गावभर सांगत सुटंल हे."

पण टायर भरला. यंत्र मोडलं नाही. त्या दिवशी न मोडलेली आवारातली ती एकच वस्तू होती. साहेबांनी तेच घेतलं.

त्यानंतर काही दिवसांनी माझी नांदेडला बदली झाली आणि अप्पा मला पुन्हा भेटला नाही. म्हणून मी त्याला शेवटचं पाहिलं ते नदीच्या काठावर, ते लाल यंत्र पहिल्यांदा कामावर नेलं त्या दिवशी.

ऊन माथ्यावर होतं. यंत्र कसं चालतं बघायला दिगंबरही सोबत आला होता. वाळूच्या तोंडाशी अप्पाने जीप थांबवली, चारी बाजूंना नजर फिरवून कुणी नाही याची खात्री केली, आणि आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या हाताने स्वतःच्या चाकांची हवा सोडली. तेवढा वेळ त्याने डोळे मिटले होते. झिऱ्यावर पिंपं भरली, साहेब पाण्याची खोली बघायला तिथेच थांबले आणि आम्ही काठावर आलो. इंजिन चालू ठेवून अप्पाने चावी खिशात टाकली, झिजलेल्या कुलपातून ती चालू गाडीतही निघायची. मग त्याने यंत्रावर घोंगडी टाकून आवाज दाबता येतो का ते बघितलं. येत नव्हता. यंत्र केकाटायला लागलं.

दोन टायर भरले. दिगंबरने यंत्राला हात लावला आणि चटकन मागे घेतला. बंद करावं लागलं. आणि त्या शांततेत वरच्या गावाकडून माणसं उतरताना दिसली. पुढे तुकाराम वस्ताद. तालमीचा मालक, मानेपेक्षा डोकं बारीक. आमच्या वाळूतलं पाणी दुसऱ्या वाडीला जाऊ देणार नाही, असं तो बरेच दिवस म्हणत होता, फक्त जीप नेमकी कधी येते ते त्याला कळत नव्हतं. ते त्या यंत्राने त्याला कळवलं होतं. आवाजाबद्दल अप्पाचं म्हणणं खरं ठरलं, असं आता मान्य करावं लागतं.

वस्तादच्या पोरांच्या हातात काड्या होत्या. ते रीतीप्रमाणे हवा सोडायला आले होते. पण चाकांजवळ येऊन ते गोंधळले. पुढची दोन चाकं फुगलेली, मागची दोन आधीच बसलेली. एक जण म्हणाला, वस्ताद, आपल्या आधीच कुणीतरी येऊन गेलं. वस्ताद खो खो हसला.

"बसलिंगअप्पाची हवा गेली की रे," तो म्हणाला. "कुनी सोडली, ए ड्रायव्हर?"

मी तोवर ट्रॉलीत दोन पिंपांच्या मध्ये बसलो होतो. तिथून मला अप्पाची पाठ दिसत होती. त्याचा उजवा हात गळ्यात गेला. आता डबी येणार म्हणून मी त्या पाठीकडे बघत राहिलो. डबी आली नाही. त्याने ती शर्टाच्या बाहेर काढली आणि सगळ्यांच्या देखत छातीवर ठेवली, देवाला अगदी स्वच्छ दिसेल अशी.

"मीच सोडली," अप्पा म्हणाला.

मग त्याने दिगंबरला यंत्र चालू करायला सांगितलं, आणि नळी व्हॉल्व्हवर दाबून तो चाकापाशी मांडी घालून बसला. पोरांनी नळी ओढली. त्याने सोडली नाही. पाठीत लाथ बसली. मग काठी. काठीचा आवाज ओल्या पोत्यावर मारल्यासारखा येत होता. दिगंबरने आपला उतरलेला खांदा मध्ये घातला, तर त्यालाही दोन बसल्या. एक दगड अप्पाच्या कानामागे लागला आणि रक्त मानेवरून त्या डबीपर्यंत ओघळलं. त्याचे दोन्ही हात नळीवर होते. ज्या हातांनी मुदखेडचा ट्रकवाला रुळांपलीकडे गेला होता, ते हात मी असे बसून राहिलेले कधी पाहिले नव्हते. तो फक्त कानडीत पुटपुटत होता, "सुम्निरू, सुम्निरू." गप्प बस, गप्प बस. कुणाला म्हणत होता ते मला कळत होतं.

तिसरा टायर भरला. तो सरपटत चौथ्याकडे गेला. काठ्या त्याच्यासोबत गेल्या.

तेवढ्यात वाळूतून गायकवाड साहेब धावत आले. चपला हातात, श्वास फुललेला. कपाळ फुटून अप्पाचे दोन्ही डोळे रक्ताने चिकटले होते. साहेबांनी मध्ये उभं राहून हात जोडले, पाणी सगळ्यांचं आहे असं सांगायला सुरुवात केली. कुणी ऐकेना. मग ते वाकून अप्पाला म्हणाले की तुम्हाला दिसत नाही, गाडी मी चालवतो, आणि अप्पाने खिशातून चावी काढून चाचपडत त्यांच्या हातात ठेवली. चौथा टायर भरत आला होता. वस्ताद पुढे झाला, आणि खाली बसलेल्या अप्पाच्या तोंडावर त्याने पाय उगारला.

आधी आवाज आला, मग मला दिसलं. गायकवाड साहेबांचा हात होता तो. अख्खं बारीक अंग त्यामागे गेलं होतं. चावी दुसऱ्या मुठीतच होती. वस्तादच्या कानाखाली बसलेली ती थप्पड इतकी स्वच्छ होती की नदीपलीकडे बगळे उडाले. वस्ताद गालाला हात लावून मुरमावर बसला, आणि त्याची पोरं काठ्या खाली करून कधी त्याच्याकडे, कधी साहेबांकडे बघत मागे सरली. साहेब स्वतःच्या तळहाताकडे बघत उभे होते, मागे एकदा दाताकडे बघत होते तसेच.

दिगंबरने यंत्र बंद केलं. अप्पा चाकाला धरून उठला, सवयीने त्याने टायरला टाच मारली, टण्ण झालं. मग त्याने मनगटाने एक डोळा पुसला, तो किलकिला करून साहेबांकडे बघितलं आणि रक्ताने माखलेला हात पुढे पसरला.

"साहेब, हात उचलला तुम्ही. चावी द्या."